अण्णा झोपलेत

माझा राग कुजबुजत येतो. बाकीच्या बायका चिडल्या की भांडी आपटतात, दार धाडकन लावतात, शेजारच्या विंगला कळतं की आज हिचं बिनसलंय. मी तापट आहे हे सासरचे, माहेरचे, सोसायटीचा वॉचमन, सगळे सांगतील. पण मी जितकी चिडते तितका माझा आवाज खाली जातो, आणि समोरच्याला कान पुढे करून बोलणी ऐकून घ्यावी लागतात. नवरा म्हणतो, "जरा मोठ्यानं भांड की, काय बोलतेस ते तरी कळू दे." लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून ते मला जमलेलं नाही.

मोशीत तळमजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पाळणाघर चालवते. चाकणला कामाला जाणाऱ्यांची पोरं असतात माझ्याकडे. कोणाची आई लाईनवर असते, कोणाची पॅकिंगला, कोणाची ऑफिसात. शिफ्ट बदलली की पोरांच्या वेळा बदलतात, आणि वेळा बदलल्या की पोरं पहिले दोन दिवस चिडचिडी होतात. मला ते चेहऱ्यावरून कळतं. आईबापांना कळायच्या आत कळतं, असंही म्हणेन, मग कोणी मला गर्विष्ठ म्हणो.

मध्यंतरी पाळणाघरवाल्या बायकांसाठी एका संस्थेनं प्रशिक्षण ठेवलं होतं. लहान मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यायची, असा विषय होता. शिकवणारी मुलगी तरुण होती, गोड होती. तिनं आम्हाला गोलात बसवलं आणि विचारलं, "मुलांचं झालं. आता मला सांगा, तुम्हाला ताण आला की तुम्ही काय करता?" सगळ्या खो खो हसल्या. आम्हाला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. एक म्हणाली देवाचं म्हणते, एक म्हणाली मोबाईल बघते, आणि एकीनं स्पष्ट सांगितलं, भांडी आपटते, त्यासारखं औषध नाही. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणाले, "मीपण भांडी आपटते." ते खोटं होतं. मी जन्मात कधी भांडं आपटलेलं नाही, आणि दुपारी तर मी ताटसुद्धा दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तसं ओट्यावर ठेवते.

याचं कारण अण्णा, म्हणजे माझे वडील. ते लातूरकडचे. लग्न करून आईला घेऊन इकडे आले आणि पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या दणदणत्या मशीनवर, लागले. आम्ही काळेवाडीत एका खोलीत राहायचो. मी, धाकटा भाऊ, आई आणि अण्णा. खोलीच्या मधोमध साडीचा पडदा होता. अण्णांची थर्ड शिफ्ट असली की ते सकाळी घरी यायचे, अंघोळ करून भाकरी खायचे आणि पडद्याआड आडवे व्हायचे. आई खिडकीवर घोंगडं लावायची, पंखा सुरू करायची आणि आमच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवायची. तिथून दिवस कलेपर्यंत घरात माणसं असायची, आवाज नसायचा.

तुम्हाला वाटेल, पोरं ती, विसरत असतील. छे. आम्हाला आईचं बोट पुरायचं. शाळेतून आलो की चपला उंबऱ्याबाहेर हातात घेऊन काढायच्या. स्टोव्हला पिन मारायची नाही. पाणी पिताना पेला दातांवर वाजू द्यायचा नाही. भावाला खोकला झाला की आई त्याचं तोंड आपल्या पोटाशी धरायची, खोकला तिच्या लुगड्यात जिरायचा. कुकर लावलाच तर आई त्याच्याजवळ उभी राहायची, आणि शिट्टी होणार असं वाटलं की उलथण्याच्या टोकानं ती अलगद उचलून वाफ सोडून द्यायची. आमच्या घरात थर्ड शिफ्टच्या आठवड्यात कुकरची शिट्टी कधी वाजली नाही. आणि रडायचं झालं तर तोंड उघडायचं, आवाज आत ठेवायचा. हे कोणी शिकवलं नाही. ते आपोआप आलं. शेजारणी आईला म्हणायच्या, "काय गुणी पोरं आहेत तुझी." आईला त्याचा फार अभिमान होता.

अण्णांना उठवायचं काम माझं होतं. आई नवऱ्याला नावानं हाक मारणार नाही, अंगाला हात लावून उठवणार नाही. तिच्या गावाकडे शेतात पाखरं हाकायला ताट वाजवतात, तसं तिनं मला शिकवलं होतं. पडद्यापाशी उभं राहायचं, ताटावर उलथणं जोरात मारायचं आणि म्हणायचं, "अण्णा, उठा, वेळ झाली." साध्या हाकेनं ते उठत नसत. दिवसभरात तेवढा एकच आवाज मला करायला मिळायचा, आणि तो मी जीव खाऊन करायचे. ताट वाजलं की घराचा दिवस सुरू व्हायचा. पंखा बंद, घोंगडं खाली, स्टोव्ह फरफर करायचा, भाऊ नुसताच ओरडत गल्लीत पळायचा.

सातवीत होते मी. अशाच एका दुपारी आम्ही गप्प बसून अभ्यास केला, गप्प बसून चुरमुरे खाल्ले. दिवस कलला. मी ताट वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग आई पडद्याआड गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, दुपारीच कधीतरी. म्हणजे आम्ही पेला दाताला लागू न देता पाणी पीत होतो तेव्हा ते नव्हतेच. माझा भाऊ मोठ्यानं रडायला लागला तर आई सवयीनं म्हणाली, "हळू." नंतर तिचं तिलाच कळलं असावं, पण तोवर आम्ही दोघांनी तोंडं मिटली होती. त्या दिवशी शेजारच्या बायका आमच्या घरात मोठमोठ्यानं रडल्या, आम्ही तिघं नाही. त्यानंतर मी ताट कधी वाजवलं नाही.

आता ती कंपनी तिथं नाही. त्या जागेवर उंच उंच इमारती झाल्यात, पोहण्याचा तलाव आहे म्हणे. माझंही घर झालं, संसार झाला. आई माझ्याकडे राहते, आतली छोटी खोली तिची. आणि गेल्या पावसाळ्यापासून अण्णा परत आलेत.

हे मी थट्टेत म्हणत नाही. आईला विसर पडायला लागला होता, आधी चष्मा, मग चहात साखर घातली की नाही, मग माझ्या नवऱ्याचं नाव. एक दिवस दुपारी पोरांना जेवू घालून बघते तर तिनं आपल्या खोलीच्या खिडकीवर चादर लावली होती, पंखा सुरू केला होता आणि दार ओढून घेऊन बाहेर खुर्ची टाकून बसली होती. मी म्हटलं, "आई, आत पड की जरा, बाहेर का बसलीस?" तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. झोपायलेत ते."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटली, पण ती आईची नाही. मी लगेच हळू बोलायला लागले, त्याची भीती वाटली. मी खरोखर आवाज खाली आणला आणि विचारलं, "कधीपासून?" असं विचारलं मी. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. एवढी बाई मी, पाळणाघर चालवते, पंधरा पोरांची आजारपणं काढते, आणि बंद दाराला घाबरले.

डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका, त्यांचं जग वेगळं झालंय. सांगायला काय जातं. वाद न घालणं आमच्या घरात कोणाला जमतच नाही. पण आई रोज दुपारी दार ओढून घ्यायची आणि मी रोज त्या दारावरून चवड्यांवर जायचे. कपाटातली दुलई काढायला आत जायचं असलं तरी मी संध्याकाळपर्यंत थांबायचे. खोली रिकामी आहे हे मला ठाऊक होतं. तरी जाताना पंख्याच्या टकटकीखाली कोणाचा तरी श्वास आहे असं वाटायचं, आणि एक-दोनदा तर प्रेसच्या तेलाचा वास आला. आता हे कोणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तूपण आईच्या वाटेवर निघालीस की काय." चेष्टेत म्हणाला, पण मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पोरांनाही दार ठाऊक झालं. "आजोबा झोपलेत," असं मोठी पोरं लहानांना सांगायची. जोरात हसलं की आपणच एकमेकांना चूप करायची. पोरांच्या आया म्हणायच्या, "ताई, तुमच्याकडे किती शांत असतात हो पोरं, आमच्या घरी तर घर डोक्यावर घेतात." मी विषय बदलायचे.

अशात एक नवी मुलगी आली. तीन वर्षांची होती. तिचे आईबाप परभणीकडचे, चाकणजवळ एका खोलीत राहायचे, दोघंही कंपनीत. आईची फर्स्ट शिफ्ट, बापाची बहुतेक थर्ड. आतापर्यंत बाप झोपलेला असताना ती त्याच्याच खोलीत असायची. आता बापाला ओव्हरटाइम लागला म्हणून पोरीला माझ्याकडे ठेवलं. सोडायला आली तेव्हा तिची आई म्हणाली, "ताई, हिचा काही त्रास नाही बघा. रडत नाही, काही नाही. एका जागी बसते."

तिची आई गेली. कुठलंही मूल पहिल्या दिवशी दाराशी भोकाड पसरतं, आणि ते पसरलेलं बरं असतं. ही दाराशी उभी राहिली. तोंड उघडलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, छाती वरखाली झाली, आणि आवाज आला नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर दिसतं तसं. बाकीच्या पोरांचं लक्षही गेलं नाही. मी मात्र ते पाहिलं आणि मला दुसऱ्या बाजूनं स्वतःचं तोंड दिसलं.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "रड बाळा, रड मोठ्यानं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई नक्की कुठल्या घरातली आहे. मग आतल्या दाराकडे पाहिलं, तिथं बसलेल्या माझ्या आईकडे पाहिलं. आईनं ओठांवर बोट ठेवलं. पोरगी लगेच सावरली, डोळे पुसले आणि आईच्या खुर्चीशेजारी जाऊन बसली. दोघींची जात एक होती, दोघींनी एकमेकींना ओळखलं.

त्या दिवसापासून ती दारापासची जागा तिची झाली. आई तिला कुजबुजत गोष्टी सांगायची, ती मान हलवायची. पाणी हवं असलं तर माझी ओढणी ओढायची. शू लागली तर सांगायची नाही, ओली होऊन तशीच बसायची. भूक, थंडी, पोटात दुखणं, काही म्हणजे काही तोंडातून येत नव्हतं. मला एकाच गोष्टीचा घोर लागला होता. एवढ्या पोरांत माझे डोळे कुठे कुठे पुरणार? बाकीच्यांना काही झालं तर आवाज येतो. हिला काही झालं तर मला कळणार कसं?

आणि तसंच झालं. चार वाजता खाऊ वाटताना तिनं लाडू डाव्या हातानं घेतला. मी म्हटलं उजवा पुढे कर, तर तिनं तो पाठीमागे लपवला. मी ओढून पाहिला. मधलं बोट काळंनिळं, सुजून दुप्पट. आईनं दुपारी दार ओढून घेतलं होतं आणि हिचं बोट बिजागरीच्या फटीत होतं. किती वेळ ते बोट त्यात होतं, देव जाणे. आई कौतुकानं म्हणाली, "लई गुणी लेकरू. चिमटलं तरी आवाज काढला न्हाई. त्यांची झोपमोड झाली असती."

माझं डोकं फिरलं. मी आईवर तुटून पडले, अर्थात कुजबुजत. "कोण झोपलंय? कोण झोपलंय आई? चल, दाखव मला." मी दार उघडलं, खिडकीवरची चादर ओढून काढली, पंखा बंद केला. पलंग रिकामा, चादरीवर एक सुरकुती नाही. "बघ. कोणी नाही. अण्णा जाऊन जमाना झाला."

मला वाटलं होतं, खरं दाखवलं की सुटेल. आई पलंगाजवळ गेली, उशीवर हात फिरवला. तिचा चेहरा पडत पडत गेला. "मला न सांगता गेले?" ती म्हणाली. "डबा न घेता?" मग तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं, आणि खाली बसली ती उठेना. त्या दिवशी तिच्यासाठी अण्णा पुन्हा गेले. आणि ती मुलगी, जिच्यासाठी मी हा सगळा शहाणपणा केला, ती दारात उभी राहून रिकाम्या पलंगाकडे डोळे फाडून बघत होती. आतापर्यंत तो माणूस निदान खोलीत तरी होता. आता तो घरात कुठेही असू शकत होता. त्यानंतर ती बाथरूममध्येसुद्धा एकटी जाईना.

बोट लगेच दवाखान्यात दाखवलं, पट्टी केली, हाड शाबूत होतं. संध्याकाळी तिची आई आली, युनिफॉर्मवरच. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, माझ्या घरात झालंय, माझी जबाबदारी आहे, पण तुझी मुलगी ओरडली असती तर मी धावले असते. ती बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, आमची एकच खोली. ते रात्रभर उभ्यानं काम करून येतात. मी पहाटेच निघते. ती रडत नाही म्हणून तर मला कामाला जाता येतंय." ती हळूच बोलत होती, रडतही हळूच होती. मला तिला खूप काही सांगायचं होतं. प्रशिक्षणातलं होतं, माझ्या पदरचं होतं. पण मी तिला चहा दिला आणि एवढंच म्हटलं, नवरा उठल्यावर रोज पोरीला थोडा वेळ हवा तेवढा दंगा करू देत जा, त्यालाही करायला लाव. तिनं मान हलवली. ती बस पकडायची घाई करत निघाली तेव्हा पोरीनं चप्पल हातात घेतली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाना विचार. आणि मध्येच अशी गोष्ट सुचली की मी उठून बसले. अण्णांना साध्या हाकेनं जाग यायची नाही. ताट वाजवावं लागायचं. प्रेस शॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस तो, कान कधीच गेले असणार त्याचे. ज्याला उठवायला ताट लागत होतं, त्याला आमच्या हसण्यानं काय जाग येणार होती? पेला दाताला लागल्यानं? भावाच्या खोकल्यानं? आम्ही कोणासाठी गप्प होतो? मी नवऱ्याला उठवून हे सांगणार होते, पण त्याला उठवायचं माझ्या हातून झालं नाही.

दोन दिवसांत आई सगळं विसरली. दार पुन्हा बंद झालं, चादर पुन्हा लागली. खुर्चीशेजारी मुलगी पुन्हा बसायला लागली, पट्टीवालं बोट मांडीवर जपून ठेवून.

मग ती दुपार. उन्हाचा तडाखा होता, पोरं जेवून हॉलमध्ये लवंडली होती. संध्याकाळच्या उसळीसाठी मी कुकरला हरभरे लावले होते. शिट्टी यायला आली तशी मी नेहमीप्रमाणे उलथण्याचं टोक घालून ती उचलायला गेले, आणि टोक निसटलं. सगळी वाफ मनगटावर आली.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, हात नळाखाली धरला, आणि तोंड तसंच उघडं. मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात ती मुलगी उभी. सगळं पाहिलेलं तिनं. ती माझ्याजवळ आली, पट्टीवालं बोट आपल्या ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. शाबास, म्हणत होती ती मला. गुणी बाई, आवाज केला नाहीस.

तिथं मला इतका राग आला, इतका राग आला, की कोणावर ते सांगता येणार नाही. अण्णांवर, आईवर, कंपनीवर, त्या शेजारणींवर, सगळ्यांत जास्त त्या गुणी शब्दावर. मी मांडणीवरचं स्टीलचं मोठं ताट ओढलं, ओट्यावरचं उलथणं उचललं आणि बंद दारापुढे जाऊन उभी राहिले. आई माझ्याकडे बघायला लागली.  मागच्या वेळी मी असं ताट वाजवलं होतं तेव्हा आतून कोणी उठलं नव्हतं. मला वाटलं, आता वाजवलं आणि पुन्हा तसंच झालं तर? वेडगळपणा, पण खरंच मला तसं वाटलं.

मी ताट वाजवलं. घरभर दणका उठला. पोरं दचकून उठून बसली. पुन्हा वाजवलं. "अण्णा, उठा. वेळ झाली. गाडी येईल कंपनीची."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती रागावली नाही, घाबरली नाही. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सवयीनं पदर सारखा केला. "झाली का वेळ?" ती म्हणाली. दार उघडून आत गेली. आतून तिचं हळू आवाजात बोलणं ऐकू येत होतं, मधेमधे थांबून, जणू कोणी उत्तर देतंय. खरं तर अण्णा उठले तरी रात्रीच निघायचे, पण आईच्या वेळा आता एकमेकींत मिसळल्यात. ती बाहेर आली, स्वयंपाकघरात गेली आणि खाऊच्या डब्यांतला एक मोकळा डबा घेऊन आली. पुढच्या दाराशी जाऊन तिनं कडी काढली, दार पूर्ण उघडलं आणि अंग चोरून बाजूला उभी राहिली, कोणाला तरी जायला वाट द्यावी तशी. हातातला डबा पुढे केला. बराच वेळ बाहेर बघत होती. हॉलमध्ये पंधरा पोरं होती आणि एकानं हूं की चूं केलं नाही. मीही दरवाज्याबाहेर बघत होते. बाहेर पार्किंग होतं, एक स्कूटर होती, ऊन होतं.

मग आईनं डबा खाली ठेवला, दार लावून घेतलं. "गेले," ती म्हणाली. आत जाऊन पंखा बंद केला, खिडकीवरची चादर काढून घडी घालायला लागली. खोलीतून दुपारचं ऊन हॉलपर्यंत आलं.

ती मुलगी खुर्चीजवळ उभी होती. तिनं पुढच्या दाराकडे पाहिलं. मग खोलीत डोकावून पलंग पाहिला. मग आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं, पट्टीकडे नीट निरखून पाहिलं, जसं काही ते आत्ताच दारात सापडलंय. आणि ती किंचाळली.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. एवढ्याशा अंगातून. इतके दिवस साठवून ठेवलेलं दुखणं होतं ते, सगळं एकदम बाहेर आलं. "दुखतंय," ती ओरडली, "दुखतंय, दुखतंय." तिचा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी धावले, तिला उचलून छातीशी धरलं, आणि माझ्या तोंडातून, काय सांगू, इतकं सगळं करून माझ्याच तोंडातून निघालं, "गप, गप बाळा, हळू."

आई खोलीच्या दारात आली, हातात घडी केलेली चादर. तिनं मला जरा रागानंच विचारलं, "तिला कामून गप करायलीस? रडू दे की लेकराला. घरात कोण झोपलंय आता?"

मी मुलीला घेऊन खाली बसले. ती रडत होती, तिला बघून आणखी दोघं-तिघं रडायला लागली. माझा हात फार भाजला होता. तो मला तेव्हा दुखायला लागला.